इंग्रजी शब्दसाधक प्रत्यय: अर्थ आणि अध्यापन

आमच्या शाळांतून इंग्रजी शब्द शिकविण्याची रीत अद्यापि बहुधा पाठांतराचीच आहे. धड्याच्या आरंभी दहा-पंधरा शब्द फळ्यावर लिहावयाचे, त्यांपुढे मराठी अर्थ मांडावयाचा आणि दुसऱ्या दिवशी ते मुलांकडून म्हणून घ्यावयाचे. या रीतीने मुलाच्या डोक्यात शब्द साठतात, परंतु ते गोणीत भरलेल्या खड्यांसारखे एकमेकांपासून सुटे राहतात. आज ‘काइंड’ आला आणि महिन्याने ‘काइंडनेस’ आला, तर मूल ते दोन निराळे शब्द म्हणून पाठ करते; आणि पुढे ‘डार्कनेस’ भेटला की पुन्हा शब्दकोशाकडे धावते. दोन्ही शब्दांच्या अंगावर एकच खूण आहे, हे त्याला कोणी दाखविलेलेच नसते.

या विषयाकडे आमचे लक्ष गेले ते आमच्याच एका चुकीमुळे. सुमारे बावीस वर्षांपूर्वी आम्ही आठवीच्या वर्गास इंग्रजी शिकवीत होतो. एका मुलाने निबंधात ‘चोर’ या अर्थी ‘स्टीलर’ असा शब्द लिहिला. आम्ही त्याखाली तांबडी रेघ ओढली, एवढेच नव्हे तर ते वाक्य वर्गात मोठ्याने वाचून दाखविले. मुले हसली, आम्हीही हसलो. त्या दिवसापासून वर्षअखेरपर्यंत त्या मुलाने पाठ्यपुस्तकाबाहेरचा एकही शब्द लिहिला नाही. त्याच्या वह्या बिनचूक होत गेल्या, आणि खेदाची गोष्ट अशी की, त्या बिनचूकपणाचे आम्हांस समाधान वाटले.

पुढे कधीतरी त्या ‘स्टीलर’चा विचार करता आमच्या ध्यानी आले की, ‘टीच’वरून ‘टीचर’ आणि ‘सिंग’वरून ‘सिंगर’ होतो, तर ‘चोरणे’ या अर्थाच्या ‘स्टील’वरून ‘स्टीलर’ व्हावा, हा नियम त्या मुलास आम्ही शिकविलेला नव्हता. तो त्याने आपल्या बुद्धीने हुडकला होता. शब्द चुकला होता, नियम चुकला नव्हता. ज्या दिवशी त्या मुलाला इंग्रजी भाषेची घडण प्रथम उमगली, नेमक्या त्याच दिवशी आम्ही त्याला हसलो. प्रस्तुत लेखाचा हेतू इतकाच की, इंग्रजीतील नित्य भेटणारे प्रत्यय अर्थासह कसे समजून घ्यावेत, आणि ते समजून घेण्याची गुरुकिल्ली मराठी मुलाच्या घरच्याच भाषेत कशी आहे, हे अध्यापकबंधूंपुढे मांडावे.

प्रत्यय म्हणजे कोणता?

प्रथम एक घोटाळा दूर केला पाहिजे. ‘प्रत्यय’ हा शब्द उच्चारताच आमची मुले ‘स-ला-ते, स-ला-ना-ते’ म्हणू लागतात. ते विभक्तिप्रत्यय होत. त्यांनी शब्दाचे वाक्यातील नाते कळते, नवा शब्द होत नाही. ‘घराला’ हा कोशात स्वतंत्र शब्द म्हणून सापडावयाचा नाही. परंतु ‘घर’ यापासून ‘घरकुल’ किंवा ‘वेडा’ यापासून ‘वेडेपणा’ झाला म्हणजे नवा शब्द जन्मास आला. येथे आम्हांस या दुसऱ्या, म्हणजे शब्दसाधक, प्रत्ययांविषयीच बोलावयाचे आहे.

अशा प्रत्ययांचे आपल्याकडील वैयाकरणांनी फार प्राचीन काळीच दोन वर्ग केले. धातूला लागतात ते कृत्, नामविशेषणांना लागतात ते तद्धित. ही वाटणी इंग्रजीस लावून पाहावी. ती चपखल बसते. ‘-अर’, ‘-एबल’, ‘-मेंट’, ‘-शन’ हे सामान्यतः क्रियापदास लागतात. ‘-नेस’, ‘-हुड’, ‘-लेस’, ‘-इश’ हे नामांस वा विशेषणांस लागतात. नवा प्रत्यय समोर आला की, मुलास दोन प्रश्न विचारावेत: हा कशाला लागला, आणि लागल्यावर काय झाले? ‘टीच’ ही क्रिया, ‘टीचर’ हे नाम. ‘काइंड’ हे विशेषण, ‘काइंडनेस’ हे नाम. ‘केअर’ हे नाम, ‘केअरलेस’ हे विशेषण. हे दोन प्रश्न विचारण्याची सवय लागली की, अर्ध्याअधिक शब्दांचा उलगडा कोशावाचून होतो.

करणारा कोण?

क्रिया करणारा दाखविणारा ‘-अर’ हा प्रत्यय सर्वांत परिचयाचा. ‘बेकर’, ‘सिंगर’, ‘फार्मर’ यांतील तो हाच. लॅटिनमधून आलेल्या शब्दांत त्याच अर्थाचा प्रत्यय ‘ओ-आर’ अशा अक्षरांनी लिहितात. ‘ॲक्टर’, ‘एडिटर’ ही त्याची उदाहरणे. ‘डॉक्टर’ हाही त्यांतलाच असून, मूळ लॅटिन धातूचा अर्थ ‘शिकविणे’ असा असल्याने डॉक्टर म्हणजे मुळात शिकविणारा. वैद्यकाचा धंदा करणाऱ्यास हा शब्द मागाहून चिकटला. आम्हां शिक्षकांचे नाव त्यांनी नेले म्हणावयास हरकत नाही.

मात्र ‘-अर’ म्हणजे नेहमी माणूसच, असे नव्हे. ‘कुक’ म्हणजे स्वयंपाकी, आणि ‘कुकर’ हे शिजविण्याचे साधन. आपल्या प्रत्येक घरात हा शब्द शिटी वाजवीत असल्यामुळे मुलांना तो सांगण्यास सोपा. ‘कंप्यूटर’ या शब्दाची गोष्ट याहून मनोरंजक आहे. यंत्र येण्यापूर्वी हा शब्द हिशेब करणाऱ्या माणसास लावीत. माणसाचे काम यंत्राने घेतले तेव्हा नावही घेतले. तिसरा अर्थ रहिवाशाचा. ‘लंडनर’ म्हणजे लंडनचा राहणारा. ‘पुणेकर’, ‘इंदूरकर’ म्हणणाऱ्या आपणांस तो समजावून सांगावा लागत नाही.

मराठीत हेच काम किती निरनिराळे प्रत्यय करतात! ‘-णारा’ हा सर्वत्र लागणारा. ‘घरफोड्या’मधील ‘-या’, ‘खिसेकापू’मधील ‘-ऊ’, ‘पुजारी’मधील ‘-आरी’ हे ठरावीक ठिकाणी बसणारे. आता ‘स्टीलर’चे पाहू. मराठीत ‘चोरणारा’ हा शब्द नियमाने होतो, तरी ‘काल आमच्या गल्लीत चोरणारा आला’ असे कोणी म्हणत नाही; कारण ‘चोर’ हा शब्द आधीच त्या जागेवर बसलेला आहे. इंग्रजीतही ती जागा ‘थीफ’ या शब्दाने अडविली आहे, म्हणून ‘स्टीलर’ एकटा उभा राहू शकत नाही. हे एवढे त्या मुलास सांगावयास आम्हांस दोन मिनिटे लागली असती.

इंग्रजी बोलणाऱ्या लोकांनीही अशाच खटपटी केल्या आहेत, आणि त्यांतील काही भाषेत कायम झाल्या आहेत. ‘बर्ग्लर’ म्हणजे घरफोड्या. हा शब्द आधी होता. त्याच्या शेवटी कर्त्याचा प्रत्ययच असला पाहिजे, असे समजून लोकांनी तो काढून टाकला आणि ‘बर्गल’, म्हणजे घर फोडणे, असे क्रियापद एकोणिसाव्या शतकात तयार केले. ‘एडिटर’वरून ‘एडिट’ झाले तेही याच मार्गाने. म्हणजे आमच्या विद्यार्थ्याने जे पुढे चालून केले, तेच इंग्रजांनी मागे चालून केले. फरक इतकाच की, त्यांस कोणी हसले नाही.

याच ओघात ‘-ई’ हा प्रत्यय उरकून घेऊ. ‘एम्प्लॉयर’ कामास ठेवणारा, ‘एम्प्लॉयी’ ज्यास ठेविले तो. ‘एक्झॅमिनर’ परीक्षक, ‘एक्झॅमिनी’ परीक्षार्थी. क्रियेचा कर्ता ‘-अर’ने आणि ती क्रिया ज्याच्यावर घडते तो ‘-ई’ने दाखवितात. हा प्रत्यय इंग्लंडच्या न्यायालयांतील फ्रेंच भाषेतून रुळला. मात्र हजेरीपटावरील ‘ॲब्सेंटी’ स्वतःच गैरहजर राहतो. त्यास कोणी गैरहजर करीत नाही. तेव्हा अपवाद येथेही आहेत.

भाववाचकांची दोन घराणी

इंग्रजी प्रत्ययांचा विचार करताना त्या भाषेचा इतिहास थोडा तरी ठाऊक असावा लागतो. इंग्रजीचे मूळ घर जर्मानिक भाषांचे. 1066 साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले, आणि त्यानंतर दीर्घकाळ दरबारात व न्यायालयात फ्रेंच भाषेचे वर्चस्व राहिले. पुढे विद्येच्या पुनरुज्जीवनाच्या काळात लॅटिन व ग्रीक शब्दांची भर पडली. त्यामुळे इंग्रजीत एकाच कामाचे दोन-दोन प्रत्यय दिसतात: एक घरचा, एक बाहेरून आलेला.

‘-नेस’ हा घरचा. तो जवळजवळ कोणत्याही विशेषणास लागतो: ‘काइंडनेस’, ‘डार्कनेस’, ‘स्वीटनेस’. ‘-इटी’ हा लॅटिनचा, फ्रेंचमार्गे आलेला. तो प्रायः लॅटिन घराण्यातील शब्दांसच लागतो: ‘प्युअर’चे ‘प्युरिटी’ होते, ‘ॲक्टिव्ह’चे ‘ॲक्टिव्हिटी’ होते, परंतु ‘काइंड’चे ‘काइंडिटी’ होत नाही.

असे का, हा प्रश्न मुलांनी विचारला म्हणजे आपल्या भाषेकडे वळावे. ‘-पणा’ हा आपला सर्वसंचारी प्रत्यय: चांगुलपणा, वेडेपणा, शहाणपणा. ‘-ता’ हा संस्कृत शब्दांचा सोबती: शुद्धता, मधुरता, सुंदरता. ‘शुद्धपणा’ म्हणता येते, पण ‘वेडता’ किंवा ‘चांगलता’ म्हणता येत नाही. सहा वर्षांचे मराठी मूलही ‘वेडता’ म्हणणार नाही. हा नियम त्याच्या कानात आहे. आम्हांस तो केवळ जागा करावयाचा आहे. ‘-नेस’ म्हणजे ‘-पणा’ आणि ‘-इटी’ म्हणजे ‘-ता’, एवढे सूत्र दिले की, कोणत्या शब्दाला काय लागेल याचा अंदाज मुले आपण होऊन बांधू लागतात. तो दर वेळी बरोबर येईलच असे नाही; ‘हॉनेस्ट’चे ‘हॉनेस्टी’ होते, ते ऐकूनच शिकावे लागते.

या दोन प्रत्ययांत उच्चाराचाही एक भेद आहे. ‘-नेस’ लागल्याने मूळ शब्दाच्या उच्चारास धक्का लागत नाही. ‘-इटी’ मात्र आघात पुढे ओढतो: ‘क्युरिअस’मध्ये जोर आरंभी, ‘क्युरिऑसिटी’मध्ये तो ‘ऑ’वर. आमची मुले जोर मूळच्या जागीच ठेवतात आणि त्यामुळे त्यांचा उच्चार कानास खटकतो. शेवटी लागलेल्या प्रत्ययाने शब्दाचा आरंभ हलावा, यात आपणांस नवल वाटू नये. ‘इतिहास’ला ‘इक’ लागताच ‘ऐतिहासिक’ होते. प्रत्यय शेवटी, आणि बदल पहिल्या स्वरात. इंग्रजीतही ‘हिस्टरी’ला ‘-इक’ लागला की, आघात उडी मारून ‘हिस्टॉरिक’मधील ‘टॉ’वर जातो.

आता एक कौतुकाची गोष्ट. ‘ट्रूथ’, ‘डेप्थ’, ‘वॉर्म्थ’, ‘स्ट्रेंग्थ’ या शब्दांच्या शेवटी जो ‘थ’ आहे, तोही भाववाचक प्रत्ययच होय: ‘ट्रू’ आणि ‘थ’ मिळून ‘ट्रूथ’. हा जुन्या इंग्रजीतील ‘थ’, लॅटिनमार्गे आलेल्या ‘-इटी’मधील ‘टी’ आणि आपल्या संस्कृतातील ‘ता’ ही एकाच प्राचीन कुळातील भावंडे आहेत. 1786 साली सर विल्यम जोन्स यांनी कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढील भाषणात संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचे उगमस्थान एकच असले पाहिजे, असे प्रतिपादन केले. त्या नात्याचे पुरावे हे असे प्रत्ययांत विखुरलेले आहेत. ‘-एस्ट’ हा इंग्रजीचा तमभावाचा प्रत्यय आणि ‘श्रेष्ठ’, ‘कनिष्ठ’, ‘ज्येष्ठ’ यांतील संस्कृत ‘इष्ठ’ हे तर सख्खेच. ‘स्वीट’ आणि ‘स्वादु’ एका कुळातले. तेव्हा इंग्रजी ‘स्वीटेस्ट’ आणि संस्कृत ‘स्वादिष्ठ’ हे धातूने आणि प्रत्ययाने, दोन्ही अंगांनी, एकच शब्द होत. आपण भोजनभाऊ ‘स्वादिष्ट’ म्हणून ज्याची वाखाणणी करतो, तो मुळात ‘सर्वांत गोड’ आहे. हे वर्गात सांगितले तेव्हा मागच्या बाकावरील मुलेही पुढे सरकून बसली, असा आमचा अनुभव आहे.

झिजलेले शब्द

काही प्रत्यय पूर्वी स्वतंत्र शब्द होते. ‘चाइल्डहुड’मधील ‘-हुड’ म्हणजे जुन्या इंग्रजीत अवस्था किंवा दर्जा. ‘किंगडम’मधील ‘-डम’ म्हणजे निवाडा किंवा अधिकार. ‘फ्रेंडशिप’मधील ‘-शिप’चे नाते घडण किंवा आकार या अर्थाच्या ‘शेप’ शब्दाशी. वापरता वापरता त्यांचे स्वतंत्र अस्तित्व गेले आणि ते शब्दांच्या शेवटी चिकटून राहिले. आपल्याकडे ‘कुंभकार’चा ‘कुंभार’ आणि ‘सुवर्णकार’चा ‘सोनार’ झाला, त्यांत ‘कार’ झिजून ‘आर’ उरला, तसेच हे. फारसीतून आलेले ‘-खाना’, ‘-दार’, ‘-खोर’ हे मराठीत आज प्रत्ययासारखेच वागतात. ‘-खोर’ म्हणजे खाणारा; म्हणून ‘लाचखोर’ हा अक्षरशः लाच खाणारा.

‘लाच’ आपली आणि ‘-खोर’ परका. तरी जोड बेमालूम बसली. इंग्रजीतही अशा जोडण्या पुष्कळ. ‘ब्यूटी’ फ्रेंच आणि ‘-फुल’ घरचा, मिळून ‘ब्यूटिफुल’. ‘ईट’ घरचा आणि ‘-एबल’ फ्रेंच, मिळून ‘ईटेबल’. ‘स्टार्व्ह’ घरचा आणि ‘-एशन’ लॅटिनचा, मिळून ‘स्टार्व्हेशन’. शुद्धाशुद्धतेचा फार बाऊ करणाऱ्यांनी आपल्या स्वतःच्या धंद्याचे नाव आठवावे: ‘मास्तर’ इंग्रजांचा आणि ‘-की’ आपली. या ‘मास्तरकी’वर आमची पिढ्यान् पिढ्या उपजीविका चालली आहे.

याच वर्गातील ‘-लेस’ या प्रत्ययाविषयी थोडे थांबून बोलणे अवश्य आहे. कारण तो बहुतेक ठिकाणी चुकीचा शिकविला जातो. ‘लेस’ म्हणजे ‘कमी’ हा अर्थ मुलांस आधीच ठाऊक असल्यामुळे ‘केअरलेस’ म्हणजे कमी काळजी घेणारा, ‘होमलेस’ म्हणजे लहान घर असलेला, असे ती समजतात. वस्तुतः हा प्रत्यय निराळा आहे. त्याचे मूळ नाते ‘लूज’, म्हणजे सुटा, मोकळा, या शब्दाशी. ‘केअरलेस’ म्हणजे काळजीपासून सुटलेला, बेफिकीर. ‘होमलेस’ म्हणजे बेघर. मराठीतील ‘-हीन’, ‘-रहित’ हे त्याचे प्रतिशब्द. मग ‘प्राइसलेस’ म्हणजे बिनकिमतीचा, अर्थात् टाकाऊ, असा तर्क एखादे हुशार मूल करील. त्यास ‘अमोल’ या शब्दाची आठवण द्यावी. ‘अमोल’ म्हणजेही ज्याला मोल नाही असा. परंतु अर्थ मात्र ‘ज्याचे मोल करता येत नाही असा’. टाकाऊ वस्तूस इंग्रजीत ‘वर्थलेस’ म्हणतात आणि आपण ‘कवडीमोल’. प्रत्यय वाट दाखवितो, मुक्कामाला मात्र रूढी नेते; हे एका शब्दावरून मुलास पटते.

‘-ली’ हा प्रत्यय लागला की क्रियाविशेषण झाले, असे सरसकट सांगण्याची पद्धत आहे. तीही अपुरी आहे. विशेषणास ‘-ली’ लागला म्हणजे क्रियाविशेषण होते: ‘स्लो’चे ‘स्लोली’. परंतु नामास लागला म्हणजे विशेषण होते: ‘फ्रेंड’चे ‘फ्रेंडली’, ‘डे’चे ‘डेली’. प्रारंभी सांगितलेला ‘कशाला लागला?’ हा प्रश्न येथे उपयोगी पडतो. याचे मूळ ‘शरीर’, ‘आकृती’ या अर्थाच्या जुन्या शब्दात आहे. ‘फ्रेंडली’ म्हणजे मित्राच्या रूपाचा.

योग्यता आणि छटा

‘-एबल’ हा प्रत्यय आणि ‘समर्थ’ या अर्थाचा ‘एबल’ हा शब्द, हे दिसण्यात सारखे असले तरी मुळात भिन्न आहेत. ‘समर्थ’ हा अर्थ धरून चालले तर ‘रीडेबल’ म्हणजे वाचण्यास समर्थ, असा उलटा अर्थ होतो. क्रिया ज्याच्यावर होऊ शकते किंवा होण्यास जे योग्य आहे, ते या प्रत्ययाने दाखवितात. संस्कृतातील ‘-अनीय’ आणि ‘-य’ हे कृत् प्रत्यय नेमके हेच काम करतात: वाचनीय, श्रवणीय, खाद्य, पेय. ‘रीडेबल’ म्हणजे वाचनीय. मात्र अक्षर लागते की नाही, असा प्रश्न असेल तेव्हा ‘लेजिबल’ हा शब्द अधिक चोख. मराठीत हाच भेद आपण ‘वाचनीय’ आणि ‘सुवाच्य’ या शब्दांनी दाखवितो. पुस्तक वाचनीय असते, हस्ताक्षर सुवाच्य असते. आणि उत्तरपत्रिका तपासणाऱ्यास ही दोन्ही एकत्र क्वचितच लाभतात.

‘-इश’ हा प्रत्यय देशाचे वा लोकांचे नाते दाखवितो. ‘इंग्लिश’, ‘डॅनिश’ हे त्याचे शब्द. परंतु रंगास लागला म्हणजे तो ‘किंचित तसा’ असे सांगतो: ‘ग्रीनिश’ म्हणजे हिरवट, ‘येलोइश’ म्हणजे पिवळसर. माणसाच्या नामास लागला की, बहुधा त्यात नापसंती येते. ‘चाइल्डिश’ म्हणजे पोरकट. त्याउलट ‘चाइल्डलाइक’ म्हणजे बालकासारखा निष्पाप, आणि हे स्तुतिवाचक. मराठीतील ‘-कट’ याचा स्वभाव पाहा: मळकट, तेलकट, पोरकट; तोही नाक मुरडणाराच प्रत्यय आहे. ‘पोरकट’ आणि ‘बालसुलभ’ यांत जे अंतर, तेच ‘चाइल्डिश’ आणि ‘चाइल्डलाइक’ यांत. मोठ्या माणसास उद्देशून यांतील कोणता शब्द लिहावा, हे ज्यास कळले नाही, त्याचे पत्र व्याकरणदृष्ट्या निर्दोष असूनही अनर्थ करील.

‘-इझम’ म्हणजे वाद आणि ‘-इस्ट’ म्हणजे वादी, असे समीकरण वर्तमानपत्रांनी रूढ केले आहे. ‘सोशॅलिझम’ला समाजवाद म्हणणे योग्यच. परंतु ग्रीकमधून आलेला हा प्रत्यय मते, वृत्ती, कृती, स्थिती, अशा अनेकांस लागतो. ‘हिरोइझम’ म्हणजे वीरवाद नव्हे, शौर्य. ‘मॅग्नेटिझम’ म्हणजे चुंबकत्व. ‘जर्नालिझम’ म्हणजे पत्रकारिता. ‘डेंटिस्ट’ हा दंतवादी नसून दंतवैद्य आहे. आणि ‘रुमॅटिझम’च्या शेवटी मराठीत ‘वात’ येतो, ‘वाद’ नव्हे, हे आमच्या वयाच्या शिक्षकांस निराळे सांगण्याची गरज नाही.

लांब शब्दाची भीती

पाच-सहा अवयवांचा शब्द पाहिला की मुले बिचकतात. अशा वेळी तो शब्द शेवटाकडून सोडवावा. ‘नॅशनलायझेशन’ हा शब्द घ्या. 19 जुलै 1969 रोजी देशातील 14 मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, तेव्हापासून हा शब्द व त्याचा मराठी प्रतिशब्द वाचकांच्या परिचयाचे आहेत. ‘नेशन’ म्हणजे राष्ट्र. ‘-अल’ लागून ‘नॅशनल’, म्हणजे राष्ट्रीय. ‘-आइझ’ लागून ‘नॅशनलाइझ’, म्हणजे राष्ट्रीय करणे. ‘-एशन’ लागून त्या क्रियेचे नाम. आता मराठी शब्द उलगडा: राष्ट्र, ‘ईय’ लागून राष्ट्रीय, मग ‘ई’ आणि ‘करण’ मिळून राष्ट्रीयीकरण. पायरीस पायरी जुळते.

यातील मधल्या ‘ई’कडे लक्ष द्यावे. संस्कृत व्याकरणात यास च्विप्रत्यय म्हणतात आणि त्याचा अर्थ ‘अभूततद्भाव’ असा सांगतात; म्हणजे जे पूर्वी तसे नव्हते, ते तसे होणे. जे आधीच शुद्ध आहे त्याचे शुद्धीकरण होत नाही. जे राष्ट्राचेच आहे त्याचे राष्ट्रीयीकरण होत नाही. इंग्रजी ‘-आइझ’ आणि ‘-इफाय’ यांत बहुशः हाच आशय आहे: ‘प्युरिफाय’ म्हणजे अशुद्धास शुद्ध करणे. ‘राष्ट्रीयीकरण’मधील दोन ‘ई’ पाहून पुष्कळ मुले, आणि क्वचित वृत्तपत्रेही, ‘राष्ट्रीयकरण’ लिहितात. इंग्रजी शब्द सोडविताना मराठी शब्दही नीट सोडविला गेला, तर ती चूक आपोआप टळेल. म्हणजे हा लाभ एकट्या इंग्रजीचा नव्हे.

वर्गात काय करावे?

एवढ्या विवेचनावरून प्रत्ययांची लांबलचक कोष्टके करून ती पाठ करून घ्यावीत, असा अर्थ कोणी काढू नये. शब्दांच्या जागी प्रत्यय पाठ करविले तर रोग तोच राहील, केवळ गोणी बदलेल. आम्ही गेली काही वर्षे जे करीत आहो, ते असे. आठवड्यास एकच प्रत्यय घ्यावा. त्या प्रत्ययाचे चार इंग्रजी शब्द फळ्यावर लिहावेत आणि अर्थ न सांगता, त्यांतील सारखेपणा मुलांस विचारावा. अर्थ त्यांच्या तोंडून आल्यावर तेच काम मराठीत कोण करतो, हे विचारावे. आमच्या इंदुरात मुले घरी मराठी आणि बाहेर हिंदी बोलतात. तेव्हा ‘लहानपण’ सांगताच दुसरा मुलगा ‘बचपन’ म्हणतो, आणि ‘-पण’ व ‘-पन’ यांचे नाते आपण होऊन उघडे पडते. सीमाभागात आणि हैदराबादेस निराळ्या भाषांची उदाहरणे मिळतील. दोन-तीन भाषांत वाढणे हे आमच्या मुलांचे ओझे आहे, असे ऐकून ऐकून आम्हीही ते खरे मानू लागलो होतो. निदान या विषयात तरी ते भांडवल आहे. तिसरी पायरी अशी की, मुलांस त्या प्रत्ययाचे नवे शब्द बनवू द्यावेत. ते कोशात आहेत की नाहीत, हे त्यांनी स्वतः पाहावे.

आणि नसला तर? येथेच शिक्षकाची कसोटी आहे. चुका दोन प्रकारच्या असतात. एक नियम न कळल्याने होते, दुसरी नियम कळल्यामुळे होते. दोहोंखाली एकच तांबडी रेघ ओढली की, मुलाला एवढाच बोध होतो की, डोके चालविणे धोक्याचे आहे. अलीकडे आम्ही दुसऱ्या प्रकारच्या चुकीखाली रेघ ओढीत नाही. समासात ‘नियम बरोबर, रूढ शब्द अमुक’ एवढे लिहितो. गुण त्या शब्दाचे कापावे लागतात, तेथे कापतो. परीक्षेचे बंधन आम्हांसही आहे. पण तो शब्द वर्गात वाचून हशा पिकविणे आम्ही कायमचे सोडले.

गेल्या वर्षी सहावीतील एका मुलीने आपली आई उत्तम ‘कुकर’ आहे, असे लिहिले. आम्ही तिला जवळ बोलावून विचारले, ‘बाळ, तुझ्या आईला शिटी आहे काय?’ ती क्षणभर गोंधळली, मग हसली, आणि म्हणाली, ‘सर, मग टीचर हेसुद्धा यंत्र का नाही?’ प्रश्न बिनतोड होता. त्याचे उत्तर देण्यात आमचा उरलेला तास गेला, आणि नेमलेला धडा तसाच राहिला.

आमच्या पाहण्यातील उदाहरणे आम्ही येथे मांडली आहेत. साहित्यसभेच्या सभासदांत निरनिराळ्या नगरांत अध्यापन करणारे पुष्कळ आहेत. विद्यार्थ्यांनी नियमाने बनविलेले, परंतु रूढीस न मानवलेले शब्द त्यांच्याही वह्यांत असतील. ते त्यांनी टिपून ठेवावेत आणि या नियतकालिकाकडे धाडावेत, अशी विनंती करून हा लेख येथे पुरा करतो.